दाजीपूर, आंबा, पारगडच्या रानात अस्वल: पायी आणि सायकलवर जाणाऱ्यांनी काय करायचं

अस्वलापासून बचाव कसा करायचा हे मोबाईलवर शोधलं, तर समोर येणारा बहुतेक सल्ला अमेरिका-कॅनडातल्या अस्वलांचा असतो. काळ्या अस्वलाशी झुंजा, ग्रिझलीपुढे मेल्यासारखं पडा, जेवण झाडाला टांगा, कमरेला मिरचीचा फवारा लावा. कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरीच्या डंगात (दाट रानात), आंब्याच्या जंगलात किंवा चंदगडकडच्या काजूच्या बागांपलीकडे जे भेटतं ते आपलं काळं, झिपरं, लांब नख्यांचं अस्वल. त्याची रीत वेगळी आहे, म्हणून बचावाची रीतही वेगळी.

आधी त्याचा स्वभाव, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघतं. पूर्ण वाढलेला नर ८० ते १४५ किलोचा, मादी ५५ ते ९५ किलोची. नाक जबरदस्त, पण डोळे आणि कान बेताचे. त्यात वारुळात तोंड खुपसून वाळवी ओढत असताना त्याचं लक्ष दुसरीकडे नसतं. वरच्या जबड्यातले समोरचे दोन दात नसतात, त्या फटीतून ते वाळवी फुर्रकन ओढून घेतं. हा आवाज शांत रानात शंभर मीटरवरूनही कानावर येतो. तुम्ही जवळ गेलात तरी त्याला कळत नाही, आणि कळतं तेव्हा तुम्ही पाच-दहा मीटरवर असता.

तिथे ते पळून का जात नाही? या अस्वलाची जात वाघाच्या राज्यात वाढली. झाडावर चढून बिबट्या-वाघापासून सुटका होत नाही. पिल्लंही झाडावर पाठवता येत नाहीत, मादी ती पाठीवर घेऊन फिरते. त्यामुळे अचानक जवळ काही आलं की आधी अंगावर जायचं, मग निघून जायचं, ही त्याची सवय. ते माणसाला खायला येत नाही. दचकतं आणि चवताळतं. म्हणून अस्वलापासून सुरक्षित राहणं म्हणजे बहुतांशी त्याला न दचकवणं. उरलेला भाग, म्हणजे समोर आल्यावर काय करायचं, तो लक्षात ठेवायचाच, पण वेळ येऊ देऊ नये.

कधी आणि कुठे सावध राहायचं

अस्वल प्रामुख्याने रात्री, पहाटे आणि संध्याकाळी फिरतं. दिवसा कपारीत, खडकाच्या पोकळीत, दाट जाळीत पडून राहतं. पिल्लंवाली मादी मात्र भर दिवसाही चरताना दिसू शकते. कोल्हापुरात जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सव्वासहाच्या आसपास मावळतो. मेमध्ये सहाला उगवतो, सातला काही मिनिटं असताना मावळतो. सूर्योदयानंतर तासाभराने रानात शिरायचं आणि सूर्यास्ताआधी तासभर डांबरी रस्त्यावर किंवा वाडीत परत यायचं. म्हणजे थंडीत सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, मेमध्ये सात ते सहा. 'सूर्योदय सड्यावरून (माथ्यावरच्या खडकाळ पठारावरून) बघायचा' हा हट्ट असेल तर गाडीरस्ता असलेला सडा निवडा. अंधारात करवीच्या दाट झुडपांतून चालत जाऊन सूर्योदय गाठणं हा चुकीच्या वेळी चुकीच्या जागी जाण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

ऋतूनुसार जागा बदलतात. एप्रिल-मेमध्ये करवंदीच्या जाळ्या, पाठोपाठ जांभळं आणि फणस. आजरा-चंदगडकडे काजूची बोंडं. उंबर फळला की वर्षभर कधीही त्याखाली. पावसाळ्याच्या तोंडाला जमीन मऊ झाली की वारुळं उकरणं सोपं जातं. थंडीत, साधारण नोव्हेंबर ते जानेवारीच्या दरम्यान, मादी कपारीत पिल्लं घालते आणि ती दोन-तीन महिन्यांची झाली की त्यांना घेऊन बाहेर पडते. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये सड्याच्या कडेच्या जांभ्या दगडाच्या पोकळ्या, घळीच्या माथ्यावरच्या गुहा यांत डोकावायचं नाही. फोटोसाठी तर नाहीच. आई पिल्लांना दोन वर्षांहून जास्त काळ सोबत ठेवते, त्यामुळे 'पिल्लू बरंच मोठं दिसतंय, आई नसेल' हा हिशेब चुकतो.

उन्हाळ्यात पाणी कमी होतं आणि सगळी जनावरं मोजक्या पाणवठ्यांवर येतात. वनविभाग बुद्ध पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवर मचाण बांधून प्राणी मोजतो तो याचमुळे. तुमची बाटली भरायची असेल तर भर दुपारी भरा, आणि पाण्याच्या काठावर डबा उघडून बसू नका. भाकरी खायला शंभर-दीडशे मीटर दूर, चारी बाजू दिसतील अशी उघडी जागा बघा.

आता वारा आणि आवाज. याकडे फारसं कोणी लक्ष देत नाही, आणि घात इथेच होतो. वारा तुमच्या पाठीवर असेल तर तुमचा वास पुढे जातो आणि अस्वल आधीच बाजूला होतं. वारा तोंडावर असेल तर तुम्ही त्याच्यासाठी नसल्यातच जमा. त्यात शेजारी ओढा खळखळत असेल, पाऊस पडत असेल किंवा आंबा घाटात, गगनबावड्याला असतं तसं दाट धुकं असेल, तर त्याचं नाक, कान, डोळे तिन्ही बंद. तोंडावर वारा, बाजूला ओढा आणि वाटेच्या दोन्ही अंगांना डोक्याच्या वर करवी, असा तुकडा आला की थांबा. आत शिरण्याआधी मोठ्याने दोन-तीन कुकारे घाला, अर्धा मिनिट ऐका, मग बोलत-बोलत आत जा. चिमूटभर माती उडवून वाऱ्याची दिशा बघायला पाच सेकंद लागतात.

खुणा वाचणं

वारूळ उकरलेलं असेल तर आधी माती बघा. ओलसर, गडद, कडा मोडलेल्या नाहीत आणि वाळवी अजून डागडुजी करायला बाहेर आलेली दिसते, तर काम ताजं आहे. माती वाळून फिकट झाली असेल, वर पाला पडला असेल, तर जुनं. ताज्या उकरणीजवळ रेंगाळायचं नाही. आलात त्या वाटेने मागे फिरा किंवा आवाज करत लवकर पुढे सरका.

मागच्या पायाचा ठसा पाहिला की क्षणभर अनवाणी माणसाचाच वाटतो. फरक नख्यांत आहे. बोटं जवळजवळ एका रेषेत आणि त्यांच्यापुढे सुटी, लांब टोचणं. पुढच्या पायाच्या नख्या सात ते दहा सेंटिमीटरच्या असतात, त्यामुळे ही टोचणं बोटांपासून बरीच पुढे पडतात. विष्ठेत करवंद, जांभूळ, उंबराच्या बिया किंवा वाळवी-मुंग्यांची चकाकती टरफलं दिसतात. मोहोळ असलेल्या झाडाच्या बुंध्यावर उभे ओरखडे असतील तर तेही त्याचंच काम. अशा झाडाखाली थांबू नये, याला दुसरंही कारण आहे. आग्या मोहोळ उठलं तर अस्वलापेक्षा ते जास्त लोकांना एकदम लोळवतं. खाली शेकोटी किंवा सिगारेट नको, उग्र अत्तर फवारून जाणंही नको.

पायी चालताना

तिघांपेक्षा कमी जाऊ नका. चार ते सहा जण उत्तम. माणसं पाच-सहा मीटरच्या अंतराने, सगळ्यात मागे अनुभवी माणूस. एकटा पुढे गेलेला आणि एकटा मागे राहिलेला, दोघेही त्या क्षणी एकटेच असतात. जुलैत पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेत शेकडो माणसं घोषणा देत जातात तेव्हा अस्वल कोसभर लांब असतं. तोच माणूस फेब्रुवारीत दोन मित्रांसोबत पाटगावहून चिक्केवाडीमार्गे रांगण्याला निघतो तेव्हा मोहिमेतला बिनधास्तपणा सोबत नेतो, आणि तो तिथे कामाचा नाही.

आवाज कसला? माणसाच्या बोलण्याचा. गप्पा, मध्येच टाळी, वळणाच्या आधी कुकारा. घुंगरू लावलेली काठी चांगली, पण एकट्या घुंगरावर विसंबू नका. बारीक घुंगराचा किणकिणाट झाडीत पंधरा-वीस मीटरही जात नाही आणि ओढ्याजवळ तर ऐकूच येत नाही. बैलाच्या गळ्यातल्या घुंगरमाळेतले जाड पितळी दोन-तीन घुंगरू काठीच्या वरच्या टोकाला बांधा आणि काठी दर दोन पावलांनी जमिनीवर आपटा. काठी मेसाच्या बांबूची, छातीपर्यंत येईल एवढी, मनगटापेक्षा थोडी बारीक. तिचा उपयोग मारायला नाही, अंतर राखायला. ब्लूटूथ स्पीकरवर गाणी लावणं हा मात्र उलटा उपाय. तुम्हालाच काही ऐकू येत नाही, आणि अभयारण्यात ते चालतही नाही. सुतळी बॉम्ब तर नकोच. वाळल्या गवतात वणवा लागला की अस्वल ही चिंता मागे पडते.

लघवीला किंवा शौचाला वाटेबाजूला जाताना जाळीत शिरू नका. साथीदाराला सांगा, आधी टाळ्या वाजवा, आत खडा फेका, आणि वाटेपासून दिसेल एवढंच दूर जा. मोबाईलवर बोलत करवंद तोडत जाळीच्या पलीकडे जाणं हेही तसंच. फळांनी भरलेल्या जाळीवर तुमच्याआधी कोणाचा तरी हक्क असू शकतो.

कुत्रा सोबत नेऊ नका. मोकळा कुत्रा अस्वलावर भुंकत जातो, अस्वल उलटलं की घाबरून मालकाकडे पळतो आणि मागे अस्वल घेऊन येतो. अभयारण्यात कुत्र्याला परवानगीही नसते.

खाण्याचा माल: भडंग, भाकरी-ठेचा ठीक आहे. गूळ, काकवी, मध, पिकलेली फळं झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात. परवानगीच्या जागी मुक्काम असेल तर डबे, खरकटं आणि उष्टी भांडी झोपण्याच्या जागेपासून किमान पन्नास-साठ मीटर लांब, शक्य असेल तर गाडीत बंद. तंबूत काहीही खायचं ठेवू नका. फणसाचा गर खाऊन साली तंबूमागे टाकल्या तर रात्री पाहुणा येणारच. कचरा परत कोल्हापूरला.

सायकलवर धोका जास्त का

पायी माणूस ताशी चार किलोमीटर चालतो आणि बोलतो. सायकलवाला उतारावर ताशी पंचवीसने, गुपचूप येतो. चांगली सायकल जवळजवळ आवाजच करत नाही. तीस मीटरचं अंतर तो चार-पाच सेकंदांत कापतो, तेवढ्यात अस्वलाने मान वर करायचीही फुरसत नसते. चढावर उलटा प्रकार: वेग कमी, पण दम लागलेला माणूस बोलत नाही, मान खाली, नजर पुढच्या चाकावर. दोन्ही वेळा दचकवण्याची पूर्ण तयारी.

थांबायला किती जागा लागते ते मोजा. समोर काही दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. कोरड्या, घट्ट मुरमावर:

ताशी १० किमी: सुमारे ४ मीटर.
ताशी १५ किमी: सुमारे साडेसहा मीटर.
ताशी २५ किमी: सुमारे १३ मीटर.

ओल्या लाल मातीवर, सुक्या पाल्याच्या थरावर किंवा शेवाळलेल्या जांभ्यावर पकड निम्म्यावर येते आणि २५ च्या वेगाला १९ मीटर लागतात. नियम असा: जितकं पुढचं दिसतंय त्याच्या निम्म्यात थांबता आलं पाहिजे. समोरचं वळण पंधरा मीटरवर असेल तर वेग पंधरावर. करवीच्या बोगद्यात दहा मीटरच दिसतं, तिथे दहाच. हा वेग रटाळ वाटतो. ज्याला वेगाचाच नाद आहे त्याने मसाई पठारासारखी उघडी जागा निवडावी, दाट रान निवडू नये.

अंगठ्याने वाजणारी साधी पितळी घंटी हँडलबारवर हवी, आणि आंधळ्या वळणाआधी घंटी आणि हाक दोन्ही. चढावर दर मिनिटाला कोणीतरी एक मोठ्याने काही बोलायचं. पुढच्या माणसाचा नंबर कळवणं, खड्डा सांगणं, काहीही. कानात इअरफोन नाही, एका कानातही नाही. दोन सायकलींत १५ ते २० मीटर अंतर ठेवा. कमी ठेवलं तर एकमेकांवर आदळाल, जास्त ठेवलं तर वेगळी भानगड: पहिला सायकलस्वार अस्वलाला जागं करून निघून जातो आणि दीड मिनिटाने येणाऱ्या दुसऱ्याला चवताळलेलं अस्वल भेटतं. वळणापलीकडे पहिल्याने थांबून मागच्याला बघायचं, मग पुढे.

टायर फुटला तर दुरुस्ती जाळीच्या सावलीत नको. उन्हात असली तरी चालेल, पण चारी बाजू मोकळी जागा शोधा, सायकल ढकलत नेऊन. दोघांनी काम करावं आणि एकाने आजूबाजूला नजर ठेवावी. पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट उतारावर पडण्यासाठी असतं, पण अस्वलाच्या हल्ल्यात सर्वात आधी डोकं आणि चेहराच सापडतो, त्यामुळे त्याचा दुहेरी फायदा आहे.

आणखी एक. अभयारण्याच्या आत सायकल चालेल का, कुठपर्यंत चालेल, हे गेटवर तोंडी विचारून आत शिरू नका. वनपरिक्षेत्र कार्यालयात आधी अर्ज करून परवानगी घ्या, वाटाड्या घ्या. राधानगरी हे ३५१ चौरस किलोमीटरचं, १९५८ पासून राखलेलं रान आहे. पावसाळ्यात आतली वाट बंद असते. वाटाड्याचे पैसे वाचवणाऱ्याला सावराई सड्यावर ताजं वारूळ कुठे उकरलंय हे कोण सांगणार?

दिसलं, तर

शंभर मीटरच्या पलीकडे आहे आणि त्याने तुम्हाला पाहिलं नाही: ओरडू नका. इथे आवाजाची गरज संपली. गप्प बसून, तोंड त्याच्याकडे ठेवून, आलात तसे मागे जा. वाऱ्याची दिशा बघून लांबून वळसा घ्या. वळशाला जागा नसेल तर वीस-तीस मिनिटं थांबा, ते आपल्या कामाने निघून जातं. मोबाईल काढायचा मोह पुढच्या दहा सेकंदांत होतो. झूम करायला दोन पावलं पुढे टाकणारा माणूस दरवेळी कोणीतरी असतोच. त्याला आधीच ताकीद द्या.

त्याने पाहिलं आहे, पण अंतर तीस मीटरपेक्षा जास्त आहे: सगळे एकत्र या, खांद्याला खांदा. शांत, खालच्या आवाजात बोला, म्हणजे तुम्ही माणूस आहात हे त्याला कळतं. हळूहळू मागे सरका. त्याची पळायची वाट अडवू नका. पायवाटेच्या एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला तुम्ही, असं झालं तर त्याला तुमच्यातूनच जावं लागेल. ते मागच्या पायांवर उभं राहिलं तर घाबरू नका, वास घ्यायला आणि नीट बघायला उभं राहतं. खडा मारू नका.

दहा-वीस मीटरवर अचानक समोर: थांबा. पळायचं नाही, पाठ फिरवायची नाही. अस्वल माणसापेक्षा वेगाने पळतं, उतारावरही. झाडावर चढणंही निरुपयोगी, मधासाठी ते सराईतपणे चढतं. सायकलवर असाल तर उतरा आणि सायकल आडवी धरून आपल्या आणि त्याच्या मध्ये ठेवा. हे कुंपण नाही, पण पहिला झपाटा तिच्यावर जातो. काठी दोन्ही हातांनी तिरपी पुढे. हुंकार देत, फुसकारत ते पुढे धावून येईल आणि काही मीटरवर थांबेल किंवा बाजूने निघून जाईल, असं बऱ्याचदा होतं. तेवढा वेळ जागेवर उभं राहणं सर्वात अवघड आणि सर्वात उपयोगी. गट असेल तर धावून येताना सगळ्यांनी एकदम ओरडायचं, काठ्या आपटायच्या. एकटा असाल तर मोठ्याने ओरडा, काठी पुढेच ठेवा आणि थांबलं की मागे सरकायला लागा.

बाजारात मिळणारा छोटा मिरचीचा स्प्रे माणसांसाठी असतो, दोन-तीन मीटर जातो आणि वारा उलटा असेल तर तुमच्याच डोळ्यांत. परदेशी अस्वल-फवारा सात ते नऊ मीटर जातो, पण तो इथल्या दुकानात मिळत नाही. त्यावर योजना आखू नका.

अंगावर आलंच, तर

पालथे पडा. पोट जमिनीला, चेहरा मातीत, दोन्ही हातांची बोटं मानेमागे एकमेकांत अडकवलेली, कोपरं गालांना चिकटवून. पाय थोडे फाकवून, म्हणजे उलटं करता येणं अवघड. पाठीवरची पिशवी काढू नका, ती तुमची ढाल आहे. हेल्मेट डोक्यावरच. उलटं केलंच तर गडगडत पुन्हा पालथे व्हा. हातपाय झाडू नका, किंचाळू नका. या अस्वलाचा हल्ला थोडा वेळ टिकतो. धोका संपला असं वाटलं की ते सोडून जातं. ते निघून गेल्यासारखं वाटलं तरी काही मिनिटं निपचित पडून राहा, श्वास ऐका, मग मान वळवून बघा. लगेच उठणाऱ्यावर ते परत येऊ शकतं.

बाकीच्यांनी? पळून मदत आणायला जाणं चूक. सगळ्यांनी मिळून, एकत्र, मोठा आवाज करत काठ्या घेऊन पुढे सरकायचं. एकट्याने अस्वलाच्या पाठीवर काठी घालू नये, तो पुढचा होतो.

जखम झाल्यावर

चेहरा आणि डोक्याच्या जखमा भेसूर दिसतात, रक्तही भरपूर जातं, पण दाबल्यावर बऱ्याच थांबतात. स्वच्छ कापड किंवा १० बाय १० सेंटिमीटरच्या गॉज घड्या ठेवून सलग दहा मिनिटं दाब. मध्येच उचलून बघायचं नाही, भिजलं तर वरून दुसरी घडी. डोक्याची कातडी फाटून लोंबत असेल तर धुऊन जागेवर परत बसवा आणि १० सेंटिमीटरच्या क्रेप बँडेजने बांधा. तोडून टाकू नका, डॉक्टरांना ती लागते. डोळ्याला इजा असेल तर डोळ्यावर दाब नको, हलकी झाकणी पुरे. तोंडातून रक्त येत असेल तर माणसाला पाठीवर झोपवू नका, पुढे वाकवून बसवा किंवा कुशीवर ठेवा. हातापायातून रक्त उडत असेल आणि दाबून थांबत नसेल तर जखमेच्या वर रुंद पट्टी आवळून वेळ लिहून ठेवा.

जिथे वाहतं रक्त थांबलंय तिथल्या ओरखड्यांना आणि चाव्यांना साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवा, मग पोव्हिडोन आयोडीन. रेबीजसाठी ही धुण्याची पंधरा मिनिटं औषधाइतकीच मोलाची आहेत. हळद, चुना, कॉफी, तंबाखू यातलं काही भरू नका. रुग्णालयात धनुर्वाताचं इंजेक्शन, रेबीजची लस (० म्हणजे पहिला दिवस, मग ३, ७, १४, २८) आणि जखमेत देण्याचं रेबीजविरोधी प्रतिपिंडांचं औषध, तिन्ही मागा. वरवरची जखम मामुली वाटली तरी लसीचा पहिला डोस त्याच दिवशी. जवळचं ग्रामीण रुग्णालय आधी, मग चेहऱ्याची शस्त्रक्रिया लागणार असेल तर कोल्हापूरला सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. रुग्णवाहिका १०८, तातडीची मदत ११२, वनविभागाची मदतवाहिनी १९२६.

घळीत नेटवर्क नसतं, म्हणून रस्त्याला लागण्याआधी गावातल्या कोणाला तरी सांगून ठेवा: कुठून जाणार, किती जण, किती वाजेपर्यंत परत. ठरल्या वेळी फोन नाही आला तर किती वेळाने वनरक्षकाला कळवायचं हेही. पिशवीत दोन क्रेप बँडेज, दहा गॉज, एक त्रिकोणी पट्टी, छोटी आयोडीन, साबणाची वडी, रबरी हातमोजे, शिट्टी, चार्ज केलेली हेडलॅम्प आणि पॉवर बँक. पाणी पिण्यासाठी माणशी तीन लिटर, धुण्यासाठी आणखी एक.

गव्याचा वेगळा हिशेब

कोल्हापूरच्या रानात अस्वलाआधी बहुधा गवाच भेटेल, कधी डांबरी रस्त्यावर, कधी उसाच्या फडात. इथे उलटे नियम आहेत, त्यामुळे गोंधळ करू नका. गवा म्हणजे ७०० किलो ते एक टन वजनाचं जनावर. त्याच्यापुढे पालथे पडून उपयोग नाही. कळप शांत चरत असेल तर शंभर मीटर दूर थांबा, जाऊ द्या. रस्ता ओलांडताना एक गेला की लगेच सायकल पुढे काढू नका, मागून आणखी येतात, दहा मिनिटं थांबा. एकटा, मोठा नर सर्वात बेभरवशाचा. मान खाली, कडेने शरीर दाखवत उभा, पाय आपटतो, फुसकारतो, म्हणजे तो सांगतोय पुढे येऊ नका. हळू मागे सरकून मोठ्या झाडाच्या किंवा खडकाच्या आड जा, वर चढता आलं तर चढा. आई-वासराच्या मध्ये कधीही येऊ नका. गव्याला हुसकावायला गर्दी जमवणं, ओरडणं, मोटारसायकलने पाठलाग करणं यानेच तो बिथरतो आणि समोर येईल त्याला उडवतो. गव्याचा नाद करायचा नाही.

अस्वल किंवा गव्याच्या हल्ल्यात जखम झाली तर नुकसानभरपाई मिळते. त्यासाठी त्याच दिवशी वनरक्षक किंवा वनपाल यांना कळवून पंचनामा करून घ्यायचा, रुग्णालयाच्या कागदांवर हल्ल्याचं कारण स्पष्ट लिहून घ्यायचं, फाटलेले कपडे आणि तुटलेली सायकल पंचनामा होईपर्यंत तशीच ठेवायची. विनापरवाना आत शिरलेल्याचा दावा तिथेच अडतो.